ग्वांगझोचा जुना बाजार पायी कसा पाहावा: शीग्वानमधला एक दिवस

कँटन हे दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोचं जुनं नाव. तिथल्या कँटन फेअर या व्यापारी मेळ्याला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक व्यापाऱ्यांना ग्वांगझो म्हणजे पाझो भागातले मेळ्याचे अवाढव्य हॉल, कॅटलॉगांनी फाटायला आलेल्या पिशव्या आणि संध्याकाळी ठणकणारे पाय, एवढंच ठाऊक असतं. त्याच शहराच्या पश्चिमेला, मेट्रोची गाडीसुद्धा न बदलता पोचता येईल असा शीग्वान नावाचा जुना व्यापारी भाग आहे. शहराला तट होता तेव्हा पश्चिम वेशीबाहेर वसलेली ही पेठ. आज ती लीवान जिल्ह्यात मोडते. तिच्यातला एन्निंग रस्ता आणि त्याला लागून असलेलं योंगछिंग फांग हा गल्ल्यांचा पुंजका २०१६ पासून डागडुजी करून नव्याने उभा केला आहे, आणि हल्ली बाहेरचा माणूस शीग्वान म्हणजे तेवढंच समजतो.

माझा सल्ला याच्या उलट आहे. योंगछिंग फांग शेवटी ठेवा. आधी बाजूच्या, हात न लागलेल्या गल्ल्या पाहा. जुनं घर वापरात असताना कसं दिसतं हे एकदा डोळ्यांत बसलं, की डागडुजीत काय राखलं, काय नवीन घुसवलं आणि काय गेलं, हे तुमचं तुम्हाला कळतं. थेट योंगछिंग फांगमध्ये उतरलात तर तो एक नीटनेटका कॅफे-परिसर वाटेल आणि तासाभरात कंटाळा येईल.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा लागतो. काही देशांच्या लोकांना तिथे २४० तासांचा बिनव्हिसा ट्रान्झिट मिळतो, त्याचे व्हिडिओ पाहून हुरळून जाऊ नका. त्या यादीत भारत नाही. थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली, आधी कोलकात्याहून आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीहून. हाँगकाँगमार्गे जायचं असेल तर तिथल्या वेस्ट कौलून स्टेशनवरून हायस्पीड गाडी तासाभरात ग्वांगझोला पोचवते, पण हाँगकाँगमध्ये बाहेर पडायचं म्हणजे भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, फक्त विसरायची नाही.

पैशांचं काम घरूनच उरका. अलीपे किंवा वीचॅट पे, दोन्हींतलं एक तरी ॲप उतरवून त्याला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावर परदेशातले व्यवहार चालू करा. नवीन कार्डांवर ते बंदच असतात. ओटीपी येण्यासाठी भारतातलं सिम रोमिंगवर ठेवा. २०० युआनपर्यंतच्या एका व्यवहाराला वेगळा आकार लागत नाही, त्याच्या वर तीन टक्के लागतो, म्हणून मोठी खरेदी तेवढी विचार करून. भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळीकडे क्यूआर चालतो. तरी शंभर-दोनशे युआनच्या सुट्या नोटा खिशात असू द्या, फोनची बॅटरी नेमकी जेवणाच्या बिलालाच दगा देते.

गुगल मॅप, व्हॉट्सॲप, जीमेल तिथल्या वायफायवर उघडत नाहीत. आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या डेटावर सहसा उघडतात. नकाशासाठी आमॅप हे तिथलंच ॲप घ्या. आणि एक अगदी साधी गोष्ट, जी कामाला सर्वांत जास्त येते: या लेखातल्या जागांची नावं हॉटेलच्या काउंटरवर दाखवून चिनी लिपीत फोनमध्ये उतरवून घ्या. आपण कितीही जोर लावून उच्चार केला तरी टॅक्सीवाल्याला कळेलच असं नाही, लिहिलेलं दाखवलं की गाडी सुटते.

मोसम ऑक्टोबर ते डिसेंबरचा. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि घाम, त्यात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वादळं. फेअरच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, हॉटेलांचे भाव चढलेले असतात. फक्त फिरायला जाणाऱ्यांनी या तारखा चुकवाव्यात. सोमवारही टाळा, कारण वाटेतलं ऑपेरा संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. पासपोर्ट बरोबर ठेवा, अशा ठिकाणी प्रवेशाला तोच लागतो.

सकाळी: ह्वालिन मंदिरापासून सुरुवात

पाझोहून मेट्रोची ८ नंबरची लाइन पकडा आणि ह्वालिनसी स्टेशनला उतरा. एकच गाडी. स्टेशनात शिरताना सामान स्कॅनरमधून जातं, पाण्याची बाटलीही कधीकधी तपासतात. कुरकुर न करता पिशवी पट्ट्यावर ठेवा. तिकीट दोन युआनपासून सुरू होतं.

ह्वालिन मंदिर भारतीय माणसाने चुकवू नये. दक्षिण भारतातून समुद्रमार्गे आलेला बौद्ध भिक्षू बोधिधर्म सहाव्या शतकात इथेच उतरला, अशी परंपरा आहे. तेव्हा नदीचा काठ इथवर होता. आता तो बराच दक्षिणेला सरकला आहे. या भागाला अजूनही ‘पश्चिमेकडून आलेल्याची पहिली जागा’ अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात. पश्चिम म्हणजे आपण. आत पाचशे अर्हतांचं, म्हणजे बौद्ध सिद्धपुरुषांचं, दालन आहे. प्रत्येक मूर्तीचा चेहरा वेगळा: कुणी हसतोय, कुणी कान कोरतोय असं वाटावं, कुणाच्या भुवया गालांपर्यंत लोंबलेल्या. त्यांतली टोपीवाली एक मूर्ती मार्को पोलोची असल्याचं सांगतात. खरं-खोटं कोण ठरवणार, पण ती शोधण्यात मजा येते.

मंदिराबाहेर जेडचा बाजार पसरलेला आहे. बघा, हाताळा, पण ज्याला जेडमधलं कळत नाही त्याने महागडा तुकडा घेऊ नये. रंग चढवलेला दगड आणि अस्सल दगड यांतला फरक तिथल्या मुरलेल्या गिऱ्हाइकांनाही चकवतो.

आता मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत शिरा आणि दारं बघायला लागा. शीग्वानच्या जुन्या घराचं दार तीन पदरी असतं. सर्वांत बाहेर बुटक्या लाकडी झडपा, रस्त्यावरच्याला आतलं दिसू नये म्हणून. मधे आडव्या, गोल दांड्यांची चौकट; ही कब्ज्यांवर उघडत नाही, बाजूला सरकते. दांड्या मोजून बघा, त्यांची संख्या विषम येईल. सर्वांत आत जाड सागवानी किंवा तत्सम कठीण लाकडाची दोन फळ्यांची दारं. दिवसा आतलं जाड दार सताड उघडं ठेवायचं आणि मधली दांड्यांची चौकट तेवढी ओढून घ्यायची. वारा आत येतो, चोर येत नाही, आणि खुर्चीत बसलेल्या आजीला गल्लीत कोण आलं-गेलं ते दिसत राहतं. दमट, उकाड्याच्या गावासाठी याहून शहाणं दार कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. या मधल्या चौकटीला तिथे थांगलोंग म्हणतात.

भिंतीही जवळून पाहण्यासारख्या. राखाडी-निळसर विटा घासून इतक्या गुळगुळीत केलेल्या असतात की दोन विटांमधली फट नखाएवढीही नसते. पायाला ग्रॅनाइटचे लांब दगड, गल्लीत फरशीलाही तेच. श्रीमंताचं घर असेल तर वर रंगीत काचांची नक्षीदार खिडकी. हे सगळं लक्षात ठेवा, दुपारी उपयोग आहे. फोटो गल्लीतून घ्या, दांड्यांमधून कॅमेरा आत खुपसू नका. ही राहती घरं आहेत.

चहा आणि पोट

मंदिराच्या दक्षिणेला शांगशियाज्यू हा पादचारी बाजाररस्ता, १९९५ पासून गाड्यांना बंद. तिथे कपडे आणि मोबाइलची कव्हरं ढिगाने मिळतात. त्यात अडकू नका. पश्चिमेकडे चालत गेलं की तो दिशिफू रस्त्याला मिळतो आणि तिथे जुन्या खाण्याच्या जागा लागतात. थाओथाओज्यू हे १८८० चं चहागृह, कमळाच्या बियांच्या सारणासाठी प्रसिद्ध असलेलं १८८९ चं लियनशियांग लोऊ, आणि जवळच वेनछांग रस्त्यावर १९३५ चं ग्वांगझो रेस्टॉरंट.

कँटोनी माणसाची सकाळ चहाने सुरू होते, म्हणजे नुसता चहा नव्हे. बांबूच्या छोट्या टोपल्यांतून वाफाळत येणारे चिमुकले पदार्थ आणि तासन्‌तास गप्पा. बसल्यावर आधी चहा निवडायचा असतो, त्याचे माणशी पैसे वेगळे लागतात. पहिल्या गरम पाण्याने लोक वाट्या-चॉपस्टिक्स विसळून घेतात, तुम्हीही घ्या. कुणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवायची, आभार पोचले. किटलीत पाणी हवं असेल तर झाकण तिरकं करून ठेवा, हाक मारायला लागत नाही.

शाकाहाऱ्यांनी इथे थोडं सावध राहावं. भाजीतही कालवांचा ऑयस्टर सॉस असतो, सूपचं पाणी हाडांचं असतं, आणि खुसखुशीत गोड पदार्थांत बऱ्याचदा डुकराची चरबी. ‘वो छ्-सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. हे लिहून ठेवा, आणि त्याखाली मांस, मासे, अंडं, चरबी, ऑयस्टर सॉस नको असंही लिहून घ्या. नुसतं शाकाहारी म्हटलं तर वरचं मांस काढून तीच भाजी समोर येऊ शकते. बिनधास्त मागवता येईल अशी एक गोष्ट म्हणजे साधा चांगफन: तांदळाच्या पिठाची पातळ वाफवलेली गुंडाळी, वरून सोया सॉस. आत काही नको म्हणून सांगायचं. शिंगाड्यासारख्या पाणकंदाच्या पिठाची पारदर्शक वडीही चालते. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी मात्र बॅगेत खाकरे न्यावेत, उगाच त्रास नको.

गोडात नानशिन या दिशिफूवरच्या दुकानात दोन सायींचं दूध मिळतं. म्हशीचं दूध तापवून वाटीत ओततात, वर साय धरते. ती न फाटता खालचं दूध ओतून घेतात, त्यात अंड्याचा पांढरा भाग आणि साखर मिसळून परत सायीखाली सोडतात आणि वाफवतात. वर दुसरी साय येते. चव अप्रतिम, पण त्यात अंडं आहे हे दिसण्यावरून अजिबात कळत नाही. अंडं न खाणाऱ्यांनी आल्याचं दूध घ्यावं. ताज्या आल्याच्या रसावर गरम दूध उंचावरून ओततात आणि ते काही मिनिटांत आपोआप थिजतं, जिलेटिन नाही, अंडं नाही.

दुपार: एन्निंग रस्त्याच्या कमानींखालून

दिशिफू आणि बाओह्वा रस्त्यांवरून पुढे आलं की एन्निंग रस्ता लागतो. १९३१ चा. एकोणीसशे वीस-तीसच्या दशकांत ग्वांगझोने जुने तट पाडून रुंद रस्ते केले आणि त्यांच्या कडेने एका ठरावीक पद्धतीची घरं उभी राहिली: तळाला दुकान, वरचे मजले पदपथावर पुढे आलेले आणि त्यांना तोलणारी खांबांची ओळ. रस्ताभर सलग छप्पर मिळतं. पाऊस कोसळत असला तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरड्याने चालता येतं. म्हणून पावसाळ्यात गेलात तर हा टप्पा रद्द करू नका, उलट त्याचा हेतू तेव्हाच कळतो.

या रस्त्यावर तांब्याची भांडी ठोकणारी दुकानं आहेत आणि माझ्या मते पूर्ण शीग्वानमध्ये पाहण्यासारखं काही असेल तर हेच. दुकानाच्या तोंडाशीच कारागीर बसतो. लोखंडी खुंटावर किटलीचं पोट चढवलेलं, हातात छोटी हातोडी. एक ठोका, भांडं किंचित फिरवलं, पुन्हा ठोका; प्रत्येक खूण आधीच्या खुणेला कडेने जराशी चावत जाते आणि पत्रा ताठ होत जातो. पुण्याची तांबट आळी ज्याने पाहिली आहे त्याला हे मठारकाम समजावून सांगावं लागणार नाही, हाताची लय तीच आहे. घ्यायचं असेल तर भांड्याच्या आतून बोट फिरवा. हाताने ठोकलेल्या भांड्यात खुणा आतूनही लागतात आणि त्या एकसारख्या नसतात. साच्यातून काढलेल्याला नक्षी असते, ताण नसतो. किंमत वजनावर आणि कामावर ठरते, थोडी घासाघीस चालते.

याच रस्त्यावर बाहे नावाच्या कँटोनी ऑपेराच्या संघाची वास्तू आहे. कलाकारांचा हा संघ १८८९ मधला. शीग्वानमध्ये नट, गायक, वादक मोठ्या संख्येने राहत. म्हणूनच पलीकडे, तिथून वाहणाऱ्या ओढ्याला लागून, कँटोनी ऑपेराचं संग्रहालय २०१६ मध्ये बांधलं. इमारत नवीन, पण दक्षिण चिनी बागेच्या धाटणीची: मधे पाणी, भोवती सज्जे, पाण्यासमोर रंगमंच. आतले जरतारी पोशाख आणि मुखवट्यांसारखे रंगवलेले चेहरे बघायला तास सहज जातो. प्रयोग असेल तर थांबा. ऑपेराचं गाणं पहिल्यांदा कानाला तीक्ष्ण लागतं, दहाएक मिनिटं दिली की तालवाद्यं काय सांगताहेत ते कळायला लागतं.

आता योंगछिंग फांग

इथे शिरताना मागची गोष्ट माहीत असलेली बरी. साधारण २००६ पासून एन्निंग रस्त्याच्या मागच्या वस्तीवर पाडकामाची योजना होती. बरीच घरं पडलीही. रहिवाशांनी निवेदनं दिली, विद्यापीठातल्या तरुण अभ्यासकांनी नोंदी केल्या, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. अखेर सरसकट पाडण्याऐवजी गल्ल्यांची आखणी आणि दर्शनी भिंती राखून आतून दुरुस्ती करायची, असं धोरण आलं. व्हान्के या बांधकाम कंपनीला ठरावीक वर्षांसाठी ते चालवायला दिलं आणि पहिला भाग २०१६ मध्ये खुला झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष शी चिनपिंग इथे येऊन गेले, मोठमोठी पाडकामं टाळा, भरतकामासारखं बारीक काम करा, असं सांगून गेले, आणि मग हा नमुना चीनभर मिरवला जाऊ लागला.

सकाळी पाहिलेल्या भिंती आठवा. इथे जुनी वीट संपून नवी कुठे सुरू होते, ते सांध्यांवरून ओळखता येतं. काही ठिकाणी लोखंडी तुळई आणि काच मुद्दाम उघडी ठेवली आहे, नवं ते नवं दिसावं म्हणून. ते मला प्रामाणिक वाटतं. काही ठिकाणी मात्र जुनाट दिसणारी कोरी भिंत आहे आणि थांगलोंग नुसता शोभेला लावलाय, सरकतच नाही. काम एकूण चांगलं झालं आहे, आपल्याकडच्या कित्येक पेठांना असं नशीब मिळालेलं नाही. पण जिथे लोक राहत होते तिथे आता कॉफी मिळते, हेही खरं. मधेच एखाद्या घराबाहेर वाळत घातलेले कपडे आणि कोबीची टोपली दिसते, तिथे अजून कुणीतरी टिकून आहे.

इथली सर्वांत मोठी रांग ब्रूस लीच्या वडिलोपार्जित घरापुढे असते. त्याचे वडील ली होइ-च्युएन कँटोनी ऑपेरातले नट, हे घर त्यांचं. खुद्द ब्रूस १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला आणि हाँगकाँगमध्ये वाढला, त्यामुळे आत त्याच्या आठवणी शोधू नका. घर मात्र शीग्वान पद्धतीचं आणि आत जाता येतं, राहत्या घरांच्या दारातून जे दिसलं नाही ते इथे बघून घ्या.

ओढ्याकडच्या दुसऱ्या टप्प्यात हस्तकलांची दालनं आहेत: कँटोनी भरतकाम, सोनेरी-लाल रंगवलेली चिनी माती, हाडावरचं कोरीवकाम. भरतकामाच्या दालनात मुंबईकरांनी थांबावंच. पारशी बायकांची गारा साडी याच शहराच्या भरतकामातून आली. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये एवढं एकच बंदर खुलं होतं. त्यांच्या तेरा वखारी इथून जवळच नदीकाठी होत्या, आणि मुंबईचे पारशी तिथे कापूस आणि माळव्याची अफू घेऊन येत. जमशेदजी जीजीभॉय तरुणपणी या वाऱ्या करून गबर झाले, जे. जे. रुग्णालयाच्या नावामागचा पैसा बऱ्याच अंशी या नदीतून आलेला आहे. १८५६ च्या आगीत वखारी खाक झाल्या. त्यांचं छोटं संग्रहालय कल्चरल पार्कमध्ये आहे, ८ नंबरच्या लाइनवरचंच स्टेशन.

संध्याकाळ

ओढ्याच्या काठाने उत्तरेला गेलं की लीजीवान लागतो. हा ओढा इतका घाण झाला होता की १९९२ मध्ये त्यावर स्लॅब टाकून रस्ता केला. २०१० च्या आशियाई खेळांआधी तो स्लॅब फोडून पाणी पुन्हा उघडं केलं. काठावर वडाची झाडं, पाण्यात होड्या. दुपार कलली की म्हातारी मंडळी सतार-सारंगीच्या जातीची वाद्यं घेऊन पारावर गायला बसतात. तिकीट नाही, मांडव नाही. संग्रहालयात पाहिलेली कला इथे घरच्या कपड्यांत भेटते. होडीतल्या खिचडीसारख्या पातळ भाताला इथे फार मान आहे, पण त्यात मासे, शेंगदाणे आणि बरंच काही असतं.

अंगात जोर असेल तर पलीकडे पानथांग वुयुए ही जुनी गावठाणाची वस्ती बघा. तिचीही डागडुजी झाली आहे, पण कॅफे कमी आणि रहिवासी जास्त. शेजारी रेनवेई हे ताओ मंदिर. दुकानदारी नको असेल त्याने योंगछिंग फांग अर्ध्या तासात गुंडाळून इथे वेळ द्यावा.

परतीला झोंगशानबा स्टेशन जवळ, लाइन ५. संध्याकाळी सहा ते सातच्या गर्दीत तांब्याची किटली घेऊन चढायचं असेल तर ती पोटाशी धरा, पाठीवरच्या सॅकमध्ये नको. विमानात ती चेक-इन सामानात टाकणार असाल तर आत कपडे ठासून भरा. पातळ ठोकलेला पत्रा बाहेरच्या दाबाने चेपतो आणि चेपलेलं तांबं घरी सरळ होत नाही.